अल्पवयीनांच्या हाती मोटार : एका समर्थनाचे खंडन

अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याच्या पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड व्हावा, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द व्हावी आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत चालक-परवाना मिळू नये, अशी तरतूद १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ म्हणून दाखल झाली, त्याला आता बरीच वर्षे लोटली. तथापि सुशिक्षित, सुस्थित आणि एरवी कायद्याचा आदर करणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात तिच्याविषयी जी नाराजी अद्याप प्रकट होते, तिची सविस्तर दखल घेणे मला अगत्याचे वाटते. ही नाराजी निव्वळ कुरकूर नाही. तिच्यापाशी युक्तिवाद आहेत, आणि ते घरोघरी इतक्या सहजतेने उच्चारले जातात की ऐकणाऱ्यास ते सिद्धान्तच वाटू लागतात. मुलगा गाडी उत्तम चालवतो. गाडीचा विमा उतरविलेला आहे, तेव्हा दुर्दैवाने काही घडलेच तर भरपाई कंपनी देईल. अमेरिकेत सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, मग आमचीच मुले काय कमी आहेत. पहाटेच्या क्लासला जायला बस नसते. आणि सर्वांत वजनदार म्हणून शेवटी पुढे केला जाणारा मुद्दा हा की, कसूर पोराचा आणि कैद बापाला, हे कोणते न्यायशास्त्र?

यांतील विम्याचा मुद्दा मी प्रथम घेतो, कारण बाकीच्या सगळ्यांना धीर देणारा तोच आहे. 'विमा आहे ना' एवढे म्हटले की सद्सद्विवेकाची टोचणी थांबते, आणि नेमके हेच तीन शब्द कायद्याच्या कसोटीवर टिकत नाहीत.

मोटारीचा विमा दोन भिन्न गोष्टींचा बनलेला असतो. त्यांतील एक, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, मालकाच्या मर्जीवर सोपविलेला आहे. दुसरा त्रयस्थ पक्षाचा, ज्याला सर्वजण 'थर्ड पार्टी' म्हणतात. तो कलम १४६ अन्वये सक्तीचा असून तो नसताना वाहन रस्त्यावर आणणाऱ्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. सरकारने ज्याची सक्ती केली तो मालकाच्या गाडीचा पत्रा सरळ करून देणारा विमा नव्हे, तर मालकाशी ज्याचा कसलाही करार नाही, ज्याने गाडी घेतली नाही, चालविली नाही, जो केवळ त्या वेळी त्या रस्त्यावर होता, अशा मनुष्याच्या जिवाची आणि हातापायांची भरपाई करणारा विमा होय. इंग्लंडात १९३० साली ही सक्ती आली, आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्यात ती लिहिली गेली. आणि तिच्यामागचा विचार आरंभापासून एकच होता की, धडक देणारा कफल्लक निघाला म्हणून धडक बसलेल्याचे कुटुंब उघड्यावर पडू नये. आजही मृत्यू अथवा शारीरिक इजा यांबाबत या विम्याला रकमेची मर्यादा नसते. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा व नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ-विमा एकदम घ्यावा लागतो, तोही सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने, कारण पहिले वर्ष सरले की नूतनीकरण टाळणाऱ्यांची संख्या चिंताजनक झाली होती.

आता ज्या कागदाच्या भरवशावर बाप मुलाच्या हाती किल्ली देतो, तो कागद वाचावा. पॉलिसीच्या पानांत 'ड्रायव्हर्स क्लॉज' या नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. त्याचा आशय असा की, विमाधारकासह कोणतीही व्यक्ती हे वाहन चालवू शकेल, मात्र अपघातसमयी तिच्यापाशी वैध परवाना असला पाहिजे आणि परवाना धारण करण्यास ती अपात्र ठरविलेली नसली पाहिजे. शिकाऊ परवानाधारकही चालवू शकेल, मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील तिसऱ्या नियमाच्या अटी पाळून. या चार ओळींत सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मोटारीच्या चाकामागे कोठेही जागा नाही. कलम ४ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी मोटार चालविण्याचे किमान वय अठरा आहे. त्याला परवाना मिळूच शकत नाही, म्हणून वैध परवान्याची अट त्याच्या बाबतीत पुरी होणे अशक्य आहे. करारातील ही अट मोडली की गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाणार, हे गृहीत धरावे. त्याहून गंभीर गोष्ट ही की, कायद्याच्या अकराव्या प्रकरणाने विमा कंपनीला जे मोजके बचाव दिले आहेत, त्यांत परवाना नसलेल्याने वाहन चालविणे हा एक आहे.

या बचावाचा परिणाम काय होतो, ते न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. २००४ साली नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जी दिशा आखून दिली, तिचे सार असे की, केवळ परवान्यात काही उणीव निघाली म्हणून कंपनीची सुटका होत नाही, तिने मालकाचा स्वतःचा कसूर सिद्ध केला पाहिजे. आणि तो सिद्ध झाला तरीही योग्य प्रकरणी आधी त्रयस्थाला रक्कम द्यावी व मग ती मालकाकडून वसूल करावी. म्हणजे जो मालक म्हणतो की भरपाई कंपनी देईल, त्याने वाक्याचा उत्तरार्ध गाळलेला असतो: कंपनी देईल, आणि त्याच्याकडून घेईल. २०११ साली निकालात निघालेल्या एका प्रकरणात नात्यातील अल्पवयीन मुलाने मोटारसायकलची किल्ली आपल्या नकळत घेतली, असा बचाव मालकाने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारला नाही आणि कंपनीला मालकाकडून वसुलीची मोकळीक देणारा हुकूम कायम केला. त्यापूर्वी २००८ साली, वडिलांची मोटार अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याच्या प्रकरणात, तर कंपनीवर जबाबदारी टाकताच येत नाही असे त्याच न्यायालयाने ठरविले. वसुलीसाठी कंपनीला निराळा दावाही लावावा लागत नाही. मूळ निवाड्याच्या अंमलबजावणीची दरखास्त पुरते. शिवाय कलम १७४ प्रमाणे निवाड्यातील येणे रक्कम जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतात. जप्ती आणि लिलाव या शब्दांचा अर्थ महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकरी घराला समजावून सांगावा लागणार नाही.

रक्कम किती असते, याचीही कल्पना बहुतेकांस नसते, म्हणून एक हिशेब मांडतो. रस्त्याच्या कडेने दुचाकीवरून कामावर निघालेला तीस वर्षांचा एक वायरमन, महिना २५,००० रुपये मिळविणारा, मागे पत्नी, एक मूल आणि आई ठेवून अपघातात मयत झाला असे धरा. वर्षाचे उत्पन्न तीन लाख. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चाळिशीच्या आतील मयताच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी शेकडा ४० मिळवावेत, असे २०१७ साली घटनापीठाने ठरविले, म्हणजे ४,२०,००० रुपये. त्यांतून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक-तृतीयांश वजा केल्यावर राहतात २,८०,०००. सव्वीस ते तीस या वयोगटासाठी २००९ पासून सतराचा गुणक लावला जातो. गुणाकार ४७,६०,००० रुपये येतो. त्यात अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींच्या ठरीव रकमा आणि सामान्यतः दाव्याच्या तारखेपासूनचे व्याज मिळवायचे. मयत मनुष्य बँकेत किंवा संगणक-उद्योगात मोठ्या पगारावर असता तर आकडा कितीतरी वर गेला असता. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील मध्यमवर्गीय गृहस्थाची सदनिका, भविष्यनिर्वाह निधी आणि मुलीच्या लग्नासाठी राखलेले पैसे एकत्र केले तरी ही बाकी भागत नाही.

परंतु मालकाचे दिवाळे निघेल, हे माझ्या मते या प्रश्नाचे दुय्यम अंग आहे. मुख्य अंग त्या वायरमनच्या पत्नीचे. कंपनीने परवान्याचा बचाव उभा केला की दावा लांबतो, पुरावे लांबतात, अपिले होतात. आणि कंपनी पूर्णपणे सुटली तर ज्या विम्याची सक्ती तिच्यासाठी केली गेली होती, तो तिच्या हातून जातो व तिला एका व्यक्तीच्या मालमत्तेमागे धावत राहावे लागते. मुलाला किल्ली देणारा बाप स्वतःचा विमा धोक्यात घालतो एवढेच आपण समजून चालतो. वस्तुतः तो एका अनोळखी कुटुंबाचे संरक्षण परस्पर काढून घेत असतो, आणि त्या कुटुंबाला याची कल्पनाही नसते.

आणि मुलगाच दगावला तर? हा प्रश्न विचारणे क्लेशदायक आहे, तरी विचारला पाहिजे. त्रयस्थ-विमा त्रयस्थासाठी आहे. स्वतःच्या चुकीने अपघात करणारा चालक त्रयस्थ नव्हे. मालक-चालकासाठी जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, तो वैध परवाना असलेल्या मालकापुरता आहे. वडिलांच्या नावावरील मोटार विनापरवाना चालविणाऱ्या मुलाच्या मृत्यूपोटी गाडीच्या पॉलिसीतून आईबापांना काहीही मिळत नाही.

'मुलगा उत्तम चालवतो' या मुद्द्यावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. स्टीअरिंग वळविणे, क्लच सोडणे, गाडी मागे घेणे ही कौशल्ये चौदाव्या वर्षीही येतात, याबद्दल कोणाचाच वाद नाही. वयाची अट ज्या गोष्टीसाठी घातली आहे ती निराळी: समोरून येणाऱ्याचा अंदाज, ओव्हरटेक करण्याचा मोह आवरण्याची शक्ती, मागच्या सीटवरून 'अरे, दाब की' म्हणणाऱ्या मित्रांना नकार देण्याचे धैर्य. शेजारी समवयस्क बसले की नवख्या चालकाच्या हातून अपघात होण्याचा संभव वाढतो, हे परदेशांतील अभ्यासांतून पुन्हा पुन्हा आढळले आहे. या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, अशी केंद्रीय परिवहन मंत्रालयाची नोंद आहे. अशा रस्त्यांवर आपल्या मुलाच्या प्रावीण्याची परीक्षा घेण्याचा अधिकार बापाला कोणी दिला?

अमेरिकेचा दाखला देणारे अर्धीच हकीकत सांगतात. कॅलिफोर्नियात, जिथे आपली असंख्य मराठी कुटुंबे वसली आहेत, सोळाव्या वर्षी मिळतो तो तात्पुरता परवाना. आणि तोही शिकाऊ परवाना किमान सहा महिने बाळगून, वडीलधाऱ्या परवानाधारकाच्या सोबत पन्नास तासांचा सराव करून, ज्यांतील दहा तास रात्रीचे असले पाहिजेत. त्यानंतरही पहिले बारा महिने रात्री अकरा ते पहाटे पाच त्याने एकट्याने गाडी चालवायची नाही, आणि पंचवीस वर्षांवरील परवानाधारक शेजारी असल्याखेरीज वीस वर्षांखालील कोणालाही गाडीत घ्यायचे नाही. न्यूझीलंडने १९८७ पासून हीच टप्प्याटप्प्याची पद्धत स्वीकारली. त्याशिवाय घरातील किशोराचे नाव पॉलिसीत घातले की तिथल्या कुटुंबाचा हप्ता जो चढतो, तो पाहून कित्येक पालक मुलाची मोटार वर्ष-दोन वर्षे पुढे ढकलतात. आपल्याकडील समर्थकांना त्या व्यवस्थेतील सोळा हा आकडा तेवढा हवा आहे. पन्नास तास, रात्रीची बंदी, मित्रांवरची बंदी आणि चढा हप्ता यांची मागणी करताना त्यांतील एकही मला कधी दिसलेला नाही.

क्लासचा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. कोणत्याही मोठ्या शहरात पहाटे सहाच्या सुमारास प्रवेश-परीक्षांच्या क्लासेसच्या गल्लीत जाऊन पाहावे: दुतर्फा ११० आणि १२५ सीसीच्या स्कूटरांची रांग, त्यांवरून उतरणारी अकरावी-बारावीची मुले-मुली, बहुतेकांच्या डोक्यावर हेल्मेट नाही, एकेका स्कूटरवर तिघे. या मुलांच्या आईबापांना बेफिकीर म्हणणे अन्यायाचे होईल. शहरात इतक्या पहाटे बस नाही, रिक्षा रोज परवडत नाही. तालुक्याच्या गावी कॉलेजला येणाऱ्या मुलाची एसटीची फेरी बंद झालेली असते, आणि ऊस गाळपाच्या हंगामात, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावरून त्याला अंधारात पाठविणे बापालाही जिवावर येते. महानगरपालिकेने, परिवहन महामंडळाने आणि शासनाने या बाबतीत आपले कर्तव्य केलेले नाही, हे मी निःसंकोचपणे म्हणतो. परंतु शासनाने बस दिली नाही याची भरपाई रस्त्यावरील पादचाऱ्याने आपल्या हाडांनी का करावी, याचे उत्तर या युक्तिवादात कुठेच नाही.

कायद्याने किशोरांना अगदीच जखडून ठेवलेले आहे, असेही नाही. सोळा वर्षांनंतर, पालकांच्या लेखी संमतीने, ५० सीसीपेक्षा अधिक क्षमता नसलेल्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो. आणि कलम १९९-अ मध्येच अशी सूट आहे की, मुलाला ज्या वाहनाचा परवाना मिळालेला आहे तेच वाहन तो चालवीत असेल, तर पालकावर ही जबाबदारी येत नाही. तक्रार करायची तर ती याची करावी की अशा दुचाकी बाजारातून जवळजवळ दिसेनाशा झाल्या आहेत. कमाल वेग ताशी २५ किलोमीटर आणि शक्ती २५० वॉट या मर्यादेतील विजेची दुचाकी मोटार वाहन या व्याख्येत येत नाही, तिला परवानाही लागत नाही. मात्र दुकानदाराने 'इलेक्ट्रिकला लायसन लागत नाही' असे सरसकट सांगितले की ग्राहक तासाला साठ-सत्तर धावणारी स्कूटर मुलीसाठी घेऊन येतो. तिला परवाना लागतो, नोंदणी लागते, विमाही लागतो. सायकलीविषयी मी लिहिले तर आजचे पालक हसतील, परंतु ज्या पुण्याची ओळख एकेकाळी सायकलींनी होत असे, तिथल्या लोकांनी सुरक्षित सायकलमार्गांसाठी नगरसेवकाच्या दारात बसायला हवे होते. त्याऐवजी त्यांनी मुलांच्या हाती स्कूटरच्या किल्ल्या दिल्या, हे मला मनापासून खटकते.

आता शेवटचा मुद्दा. कसूर पोराचा आणि शिक्षा बापाला, हा आक्षेप ऐकताना प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो. कारण एकाच्या अपराधासाठी दुसऱ्यास दंड करू नये, हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व आहे आणि ते मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु येथे बापाला शिक्षा होते ती मुलाच्या अपराधाची नाही. जी किल्ली देण्याचा अधिकार केवळ त्याचा होता, ती त्याने दिली, अथवा हाती लागेल अशी ठेवली, हे त्याचे स्वतःचे कृत्य आहे. कलम ५ ने मालकाला पहिल्यापासूनच बजावले आहे की, परवाना नसलेल्या किंवा वय न भरलेल्या व्यक्तीस आपले वाहन चालवू देऊ नये, आणि कलम १८० मध्ये त्यासाठी निराळी शिक्षा सांगितली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढविण्याखेरीज नवे केले ते एवढेच की, मुलाने वाहन वापरले ते पालकाच्या संमतीने, असे न्यायालयाने गृहीत धरावे. हे गृहीतक खोडून काढण्याची वाटही त्याच कलमात आहे: गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती, असे पालकाने सिद्ध केले की तो मोकळा. पुराव्याचा भार बापावर का, असे विचारणाऱ्याने हेही सांगावे की, घरातील खिळ्यावरून किल्ली कोणी काढली आणि ती कोणाच्या डोळ्यांदेखत काढली, हे पोलिसांनी किंवा मयताच्या वारसांनी कसे शाबीत करायचे. ज्या गोष्टीचे ज्ञान एकाच्याच ठायी असते, तिचा खुलासा त्यानेच करावा, हे आपल्या पुराव्याच्या कायद्यातले जुने तत्त्व आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा जनक्षोभ उसळला तो प्रामुख्याने बाल न्याय मंडळाने जामिनाबरोबर घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर. तो क्षोभ रास्त होता. त्या प्रकरणात मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. कोणाचा दोष किती, हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे आणि त्याविषयी मी काही लिहिणार नाही. परंतु त्या दिवसांत निबंधावर संतापलेल्या कित्येक घरांत त्याच आठवड्यात सोळा वर्षांचा मुलगा स्कूटर घेऊन क्लासला जात होता, आणि त्या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे असे कोणाला वाटले नाही, याची मला फार चिंता वाटते. वाहन लहान असले, मद्य नसले, वेग कमी असला, तरी पालकाने केलेली निवड त्याच जातीची आहे. गाडीच्या किमतीने तिचे कायदेशीर स्वरूप बदलत नाही, आणि स्कूटरखाली आलेल्या वृद्धेचे खुब्याचे हाडही त्याने जुळून येत नाही.

अठरा वर्षे पूर्ण झाली की वाट अगदी सरळ आहे. शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तीस दिवस झाले की धावत जाऊन परीक्षा उरकण्याची जी घाई आपल्याकडे असते, ती करू नये. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावून, परवानाधारक बापाने अथवा आईने शेजारी बसून, हे सहाही महिने वापरावेत: पावसात, संध्याकाळच्या गर्दीत, घाटात. असा शिकाऊ चालक पॉलिसीच्या कलमात बसतो. स्वर्णसिंगच्या निकालातही शिकाऊ परवाना हा परवानाच मानला गेला आहे. चाचणीमार्गावर आठाच्या आकड्यातून गाडी काढणे आणि चढावर मागे न घसरता ती पुढे नेणे, हे सगळे त्याला मग आपसूक जमेल.

कलम १९९-अ मधील एका पोटकलमावर मात्र माझा स्वतःचा आक्षेप आहे, आणि तो समर्थकांच्या आक्षेपाहून निराळा आहे. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही नाकारणे मला अयोग्य वाटते. दुरुस्तीचा सगळा आशय जर असा असेल की किल्लीची जबाबदारी वडीलधाऱ्याची आहे, तर त्या वडीलधाऱ्याच्या कसुरापायी मुलाला आठ-नऊ वर्षे रीतसर शिकण्यापासून दूर ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. उलट तो तरुण एवढा काळ गाडीला हात लावणार नाही असे मानणे भाबडेपणाचे आहे, आणि त्याने विनापरवाना गाडी चालविली की कंपनीचा बचाव व त्रयस्थाची परवड, दोन्ही पुन्हा उभी राहतात. त्याऐवजी अठरा वर्षे पूर्ण होताच त्याला शासनमान्य प्रशिक्षण संस्थेत दीर्घ मुदतीचे सक्तीचे शिक्षण द्यावे, त्याचा खर्च पालकाकडून वसूल करावा, पहिली दोन वर्षे रात्री चालविण्यास आणि समवयस्क सोबत घेण्यास मनाई करावी, आणि या अटी परवान्यावरच नोंदवाव्यात, म्हणजे रस्त्यावरील पोलिसाला आणि विमा कंपनीला त्या एका दृष्टिक्षेपात दिसतील.